बो स्ट्रीट, १९१० : सावरकरांविरुद्धचा पुरावा नेमका कोणत्या निकषावर टिकला?

कागदी_होडी (धागाकर्ता)

मार्सेलिसची उडी सगळ्यांना पाठ आहे. त्यामानाने तिच्या आधीचे ११७ दिवस कोणी फारसे चाळत नाही. १३ मार्च १९१० ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली आणि ८ जुलैला उडी. मधल्या काळात बो स्ट्रीटचं मॅजिस्ट्रेट कोर्ट, हायकोर्ट, कोर्ट ऑफ अपील आणि शेवटी गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांची सही, असा कागदांचा प्रवास झाला. माझ्या मते खटल्याचा निकाल तिथेच निम्मा लागला होता. माझे प्रश्न असे :

इंग्लंडात राजकीय गुन्हेगाराला परत न देण्याची तरतूद होती, मग ती इथे का लागू झाली नाही? साक्षीदार नाशिक-मुंबईत आणि आरोपी लंडनमध्ये, तर साक्ष झाली कशी? आणि माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला कोणत्या कोर्टाने किती वजन दिलं?

कायदा जाणणाऱ्यांनी कलमासकट लिहावं ही विनंती. सावरकरांच्या नंतरच्या राजकारणाची चर्चा दुसऱ्या धाग्यावर चालू आहे, ती कृपया तिथेच राहू द्या.

मुळा_मुठा

वाचनखूण साठवली. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

खटलेवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. सावरकरांचं 'प्रत्यार्पण' झालंच नाही.

इंग्लंडात दोन वेगळे कायदे होते. १८७० चा एक्स्ट्रॅडिशन अ‍ॅक्ट परक्या देशांसाठी, म्हणजे फ्रान्स, जर्मनी, इटली वगैरेंसाठी. त्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा राजकीय स्वरूपाचा असेल तर माणूस द्यायचा नाही. १८९१ च्या कॅस्टिओनी खटल्यात स्वित्झर्लंडमधल्या उठावात गोळी झाडणाऱ्याला याच कलमाने सोडलं. दुसरा कायदा १८८१ चा फ्युजिटिव्ह ऑफेन्डर्स अ‍ॅक्ट. हा साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात पळालेल्या माणसासाठी. मुंबई आणि लंडन एकाच राणीचे (१९१० मध्ये राजाचे) मुलूख, त्यामुळे तह नाही, परराष्ट्र खातं नाही आणि राजकीय गुन्ह्याचा अपवादही नाही. गुन्ह्याला १२ महिने सक्तमजुरी किंवा त्याहून जास्त शिक्षा असली की पुरे.

आता पायऱ्या. मुंबईत मूळ वॉरंट निघतं. ते पोहोचेपर्यंत लंडनचा मॅजिस्ट्रेट तात्पुरतं वॉरंट काढू शकतो, सावरकरांवर तेच बजावलं गेलं. मूळ वॉरंट आलं की त्यावर मंत्र्याचा किंवा वरिष्ठ न्यायाधीशाचा शेरा लागतो. मग कलम ५ ची सुनावणी होते. पुराव्यावरून आरोपीने गुन्हा केल्याचं 'दाट किंवा संभाव्य अनुमान' निघालं की मॅजिस्ट्रेट त्याला तुरुंगात पाठवतो. तेव्हा दोन गोष्टी आरोपीला सांगाव्याच लागतात : १५ दिवस तुला हलवणार नाही, आणि हेबियस कॉर्पससाठी (कैद कायदेशीर आहे का हे वरच्या कोर्टाने तपासावं यासाठी) अर्ज करायचा तुला हक्क आहे. त्यानंतर गृहमंत्री परत पाठवण्याचा हुकूम काढतो. महिन्याभरात हलवलं नाही तर सुटकेसाठी अर्ज करता येतो.

इथे तारखा बसवून पाहा. मॅजिस्ट्रेट सर अल्बर्ट डी रुटझेन यांचा हुकूम १२ मेचा. जूनच्या सुरुवातीला हायकोर्टाने अर्ज फेटाळला, २१ जूनला कोर्ट ऑफ अपीलने. २९ जूनला चर्चिल यांचा हुकूम आणि १ जुलैला 'मोरिया' बोट सुटली. शेवटच्या निकालापासून बोटीपर्यंत १० दिवस.

तांबडी_माती

थोडा असहमत. १८८१ चा कायदा क्रांतिकारकांसाठी केलेला नव्हता. पेढी बुडवून पळालेले कारकून, दिवाळखोर व्यापारी, अशांसाठी तो केला होता आणि त्यांच्यासाठीच वर्षानुवर्षं वापरला गेला. शिवाय त्यात कलम १० आहे. प्रकरण क्षुल्लक असेल, मागणी शुद्ध हेतूने केलेली नसेल, किंवा अंतर, दळणवळण आणि एकूण परिस्थिती पाहता परत पाठवणं अन्यायाचं किंवा जाचाचं ठरणार असेल, तर वरिष्ठ कोर्ट माणसाला सोडू शकतं. १८७० च्या कायद्यात इतका मोकळा अधिकार नव्हता.

खटलेवाला

@तांबडी_माती, कलम १० चा मुद्दा बरोबर आहे आणि सावरकरांच्या वकिलांची सगळी भिस्त त्यावरच होती. त्यांचं म्हणणं तीन पदरी होतं. एक, पिस्तुलं मिळवणं-पाठवणं आणि लंडनमधली भाषणं या गोष्टी इंग्लंडात घडल्या, तेव्हा खटला इंग्लंडात चालवा. दोन, सावरकरांनी जून १९०६ मध्ये हिंदुस्थान सोडला. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा खून झाला २१ डिसेंबर १९०९ ला. जो तिथे नव्हताच तो तिथून 'पळाला' कसा? तीन, मुंबईत त्यांच्यापुढे ज्युरी नसेल, अपील नसेल. लंडनमध्ये ज्युरी मिळाली असती.

सरकारी बाजूने आरोपांच्या यादीत १९०६ मध्ये हिंदुस्थानात केलेली भाषणं घातली होती. माझ्या मते हा आरोप खुंटीसारखा होता. शिक्षेच्या दृष्टीने तो सगळ्यांत हलका, पण तो हिंदुस्थानात घडला आणि आरोपी नंतर तिथून बाहेर गेला, एवढं त्याने निर्विवाद होतं. एकदा फरारी हा शब्द लागू पडला की बाकीचे आरोप त्याच खुंटीला टांगता येतात.

कोर्ट ऑफ अपीलने एक बारकी गोष्ट मान्य केली. कायद्याच्या व्याख्येत 'वरिष्ठ कोर्ट' म्हणजे हायकोर्ट आणि कोर्ट ऑफ अपील दोन्ही, त्यामुळे कलम १० खालचा अर्ज आपण स्वतः ऐकू शकतो असं त्यांनी म्हटलं. ऐकला, आणि फेटाळला.

शाईचा_डाग

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मला सगळ्यांत खटकणारं १८८१ च्या कायद्याचं कलम २९ आहे.

या कलमाने हिंदुस्थानातल्या मॅजिस्ट्रेटला आरोपीच्या गैरहजेरीत साक्षीदारांच्या जबान्या घेण्याची मुभा दिली. आरोपी समोर असता तर जशा घेतल्या असत्या तशाच घ्यायच्या, फक्त तो समोर नाही. ते कागद लंडनला पाठवायचे. लंडनमध्ये फक्त एवढंच बघायचं की कागद खरे आहेत का. मॅजिस्ट्रेटची सही किंवा नकलेवर त्याचा दाखला, आणि जोडीला एकतर साक्षीदाराची शपथ किंवा गव्हर्नरची अधिकृत मोहोर. मोहोर असली की सही करणारा अधिकारी कोण हे शाबित करायलाही कोणी उभं राहावं लागत नाही.

परिणाम काय? बो स्ट्रीटच्या पिंजऱ्यात आरोपी आहे, त्याचे बॅरिस्टर आहेत, पण साक्षीदाराच्या जागी लिफाफा. 'पेटी तू कधी पाहिलीस, खोलीत आणखी कोण होतं, तुला माफीचं आश्वासन जबानीच्या आधी मिळालं की नंतर' यातलं काहीही विचारता येत नाही. वकील फक्त कागदातली विसंगती दाखवू शकतो. आणि मॅजिस्ट्रेट म्हणणार, साक्षीदार खरा की खोटा हे मुंबईचं कोर्ट ठरवेल, मी फक्त अनुमान निघतं का तेवढं पाहतोय.

आता खटलेवाला यांनी सांगितलेला तिसरा पदर याला जोडा. मुंबईत ज्युरी नाही. म्हणजे साक्षीदाराकडे तोंडावर पाहून त्याच्या खरेपणाचं मत बनवणारे सामान्य नागरिक ना लंडनमध्ये, ना मुंबईत.

तांबडी_माती

ज्युरी म्हणजे सुटका असं समीकरण मांडू नका. मुंबई हायकोर्टात फौजदारी सेशनची ज्युरी ९ जणांची असे. १९०८ मध्ये टिळकांना अशाच ज्युरीने ७ विरुद्ध २ ने दोषी ठरवलं. सात युरोपियन होते, दोन पारशी.

शाईचा_डाग

मान्य, पण तुमचंच उदाहरण उलटं वाचा. त्या दोघांची मतं नोंदली गेली, म्हणून आज आपण ती सांगू शकतो. शिवाय सावरकरांचे वकील मुंबईची ज्युरी मागत नव्हते, लंडनची मागत होते.

निळावंती

चाफेकरांच्या वेळीही द्रविड बंधू माफीचे साक्षीदार होते ना? त्यांना मारलं म्हणून पुढे कायदा कडक झाला असं वाचल्यासारखं आठवतंय.

मोडी_वाचक

@निळावंती, दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. द्रविड बंधू खबरे होते. बक्षिसासाठी माहिती देणारा खबऱ्या आणि माफीचा साक्षीदार यांत कायद्याने मोठं अंतर आहे. खबऱ्या गुन्ह्यात सामील असावा लागत नाही. माफीचा साक्षीदार मात्र सामील असावाच लागतो, आणि तो स्वतःचा सहभाग सांगूनच दुसऱ्याला गुंतवतो. द्रविडांची हत्या ८ फेब्रुवारी १८९९ ची.

तुमच्या मनात आहे तो प्रसंग बंगालचा असावा. अलीपूर बॉम्ब खटल्यातला नरेंद्रनाथ गोसाईं. १८९८ च्या फौजदारी संहितेत कलम ३३७ प्रमाणे माफी दिली की तीन गोष्टी येत. त्याने सगळं खरं आणि पूर्ण सांगायचं, त्याला साक्षीदार म्हणून तपासायचं, आणि जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत कोठडीतच ठेवायचं. या तिसऱ्या अटीमुळे गोसाईं तुरुंगातच राहिला आणि ३१ ऑगस्ट १९०८ ला कन्हाईलाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बसू यांनी त्याला अलीपूरच्या तुरुंगात गोळ्या घातल्या.

त्याची जबानी मॅजिस्ट्रेटपुढे झाली होती, पण आरोपींकडून उलटतपासणी झाली नव्हती. तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम ३३ म्हणत असे की मेलेल्या साक्षीदाराची आधीची साक्ष वापरायची तर विरुद्ध पक्षाला उलटतपासणीचा हक्क आणि संधी मिळालेली हवी. ती मिळाली नव्हती म्हणून मुख्य साक्षीदाराची जबानी पुराव्यातून बाद झाली.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला १९०८ चा १४ वा कायदा आला. त्याने तीन गोष्टी केल्या. मॅजिस्ट्रेटपुढच्या चौकशीत त्याने खास परवानगी दिल्याशिवाय आरोपी हजर राहणार नाही आणि त्याचा वकीलही नसेल. खटला हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांपुढे, ज्युरीविना. आणि साक्षीदार मेला किंवा बेपत्ता झाला आणि ते आरोपीच्या हितासाठी घडवून आणलं असं कोर्टाला वाटलं, तर कलम ३३ बाजूला ठेवून त्याची मॅजिस्ट्रेटपुढची जबानी थेट पुरावा. प्रत्येक तरतुदीवर अलीपूरच्या गोळीचा ठसा आहे. आधी बंगालसाठी केलेला हा कायदा नंतर मुंबई इलाख्यालाही लावला, आणि नाशिक कटाचा खटला त्याखाली उभा राहिला.

निळावंती

धन्यवाद, गोंधळ दूर झाला.

कागदी_होडी

मोडी_वाचक, फारच मोलाचा प्रतिसाद. म्हणजे लंडनमध्ये कलम २९ ने उलटतपासणी काढून घेतली आणि मुंबईत मॅजिस्ट्रेटच्या पायरीवर १९०८ च्या कायद्याने. उलटतपासणीची पहिली खरी संधी थेट तीन न्यायाधीशांपुढे, जिथून वर जायची वाट नाही.

सप्तशृंगी

अवांतर : 'एक्स्ट्रॅडिशन'ला प्रत्यार्पण रुळला आहे, पण १८८१ च्या कायद्यातल्या 'रिटर्न'साठी आपल्याकडे शब्दच नाही. मी 'परतपाठवणी' वापरते. सगळ्याला सरसकट प्रत्यार्पण म्हटल्यामुळेच 'मग राजकीय गुन्ह्याचा अपवाद कुठे गेला' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

दख्खनचा_वारा

अवांतरात भर. संस्थानांचं काय? बाळकृष्ण चाफेकर निजामाच्या मुलखात होते.

खटलेवाला

संस्थानांसाठी तिसराच मार्ग. १९०३ च्या इंडियन एक्स्ट्रॅडिशन अ‍ॅक्टमध्ये परक्या राष्ट्रांचं प्रकरण वेगळं आणि संस्थानांचं वेगळं. एखाद्याने संस्थानात गुन्हा करून ब्रिटिश हद्दीत आसरा घेतला तर कलम ७ प्रमाणे त्या संस्थानातला पोलिटिकल एजंट (ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी) जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या नावे वॉरंट पाठवी. परक्या राष्ट्राच्या मागणीवर होते तशी पुराव्याची चौकशी त्या मार्गाला नाही. आणि कलमाच्या पहिल्याच ओळीत अट : हा मार्ग 'युरोपीय ब्रिटिश प्रजाजन' नसलेल्या माणसासाठी. गोऱ्या माणसाला या सोप्या वाटेने पाठवता येत नसे. चाफेकरांच्या वेळी १८७९ चा कायदा होता.

वाळूचं_घड्याळ

मी फौजदारी वकिली करतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर लिहितो.

माफीच्या साक्षीदाराबद्दल १८७२ च्या पुरावा कायद्यात दोन कलमं एकमेकांकडे तोंड करून उभी होती. कलम १३३ म्हणत असे, साथीदाराच्या साक्षीला दुजोरा नसला तरी केवळ त्यामुळे शिक्षा बेकायदा ठरत नाही. कलम ११४ चं उदाहरण (ख) म्हणत असे, महत्त्वाच्या तपशिलात दुजोरा मिळाल्याशिवाय साथीदार विश्वासाला पात्र नाही असं कोर्ट गृहीत धरू शकतं. एक कायद्याचा नियम, दुसरा शहाणपणाचा.

दुजोऱ्यात गफलत कुठे होते ते सांगतो. नाशिक कटात चतुर्भुज अमीन हा महत्त्वाचा माफीचा साक्षीदार. इंडिया हाऊसमधला (लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातला) स्वयंपाकी. १९०९ च्या सुरुवातीला पेटीच्या दुहेरी तळात २० ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं घेऊन तो मुंबईत आला. आता अशी साखळी पाहा : पेटीला खोटा तळ आहे, पिस्तुलं सापडली, ती त्याच बनावटीची आहेत. हा सगळा दुजोरा गुन्ह्याला आहे. पिस्तुलं आली हे त्याने शाबित होतं. पेटी कोणी भरून दिली हे मात्र अजून एकट्या अमीनच्या तोंडावर आहे. साथीदाराला गुन्हा पूर्ण ठाऊक असतोच, त्यामुळे वस्तूंचं वर्णन तो बिनचूक करणार. त्याला फक्त एक नाव बदलायचं असतं. म्हणून दुजोरा आरोपीच्या नावापर्यंत पोहोचतो का, हे बचावाच्या वकिलाने पहिल्यांदा तपासायचं.

बो स्ट्रीटला हा प्रश्न खोलात जातच नाही, कारण निकष अनुमानाचा. दुजोऱ्याची खरी झाडाझडती खटल्यात व्हायची, आणि तिथे सावरकरांनी फ्रान्सच्या आश्रयाचा हक्क सांगून कामकाजात भाग घेतला नाही.

जाता जाता, २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम १३३ चं १३८ झालं आणि भाषा फिरली. आता 'दुजोरा असलेल्या' साक्षीवर झालेली शिक्षा बेकायदा नाही असं लिहिलंय. दीडशे वर्षांचा शहाणपणाचा नियम कलमातच उतरला. मी हा बदल मनापासून स्वागतार्ह मानतो.

मुळा_मुठा

वाळूचं_घड्याळ, 'त्याला फक्त एक नाव बदलायचं असतं' यासाठी +१००.

गलबत

मार्सेलिसबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. सावरकर फ्रान्सच्या जमिनीवर होते, सागरी पोलीस दलाच्या ब्रिगेडिअर पेस्किए याने त्यांना पकडून बोटीवर परत दिलं. हे बेकायदा होतं तर मुंबईच्या कोर्टाला अधिकार कुठून आला?

खटलेवाला

हा प्रश्न मुंबईत सावरकरांचे वकील जोसेफ बॅप्टिस्टा यांनी उभा केला. सरन्यायाधीश सर बेसिल स्कॉट, चंदावरकर आणि हीटन यांच्यापुढे. कोर्टाचं उत्तर : आरोपी आमच्यापुढे कसा आणला गेला हे आम्ही पाहत नाही, तो पुढे उभा आहे आणि आरोप आमच्या अधिकारातला आहे एवढं पुरे. दाखला १८२९ चा. सुझाना स्कॉट नावाच्या बाईला इंग्लिश पोलिसाने ब्रुसेल्समध्ये पकडून इंग्लंडात आणलं होतं, तिथेही कोर्टाने हेच म्हटलं. इंग्लंडने हा नियम सोडायला १९९३ उजाडलं. बेनेट खटल्यात लॉर्ड्स सभागृहाने ठरवलं की पोलिसांनी प्रत्यार्पणाची रीत डावलून माणूस आणला असेल तर कोर्ट खटला थांबवू शकतं.

फ्रान्स आणि ब्रिटन यांनी हा वाद ज्याच्याकडे नेला त्या हेगच्या लवादाचं वेगळं. करार २५ ऑक्टोबर १९१० चा, निवाडा २४ फेब्रुवारी १९११ चा. पकडून ताब्यात देण्यात 'अनियमितता' झाली हे लवादाने मान्य केलं, पण परक्या अधिकाऱ्याच्या चुकीमुळे कैदी परत करावा असा आंतरराष्ट्रीय कायद्याचा नियम नाही म्हटलं. लवाद बसण्याचं ठरलेलं असतानाही मुंबईचा खटला थांबला नाही. पहिली जन्मठेप २३ डिसेंबर १९१० ला, दुसरी ३० जानेवारी १९११ ला. निवाडा आला तेव्हा दोन्ही शिक्षा होऊन गेल्या होत्या.

तांबडी_माती

लवाद चालू असताना खटला रेटायला नको होता, याबाबत मी तुमच्या बाजूने.

कागदी_होडी

मूळ प्रश्नावर परत येतो, कारण तारखा लावताना एक गोष्ट दिसली आणि ती डोक्यातून जात नाही. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना जॅक्सनच्या खुनाबद्दल ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली १९ एप्रिल १९१० ला. बो स्ट्रीटचा हुकूम १२ मेचा. म्हणजे पिस्तूल हातात कुठून आलं हे शपथेवर सांगू शकणारी तीन माणसं, लंडनमध्ये पुरावा पुरेसा आहे का हे ठरण्याच्या २३ दिवस आधी संपली होती. कायद्याने त्यांची जबानी पुढे कामाला येऊ शकत होती का?

वाळूचं_घड्याळ

सावरकरांविरुद्ध सहआरोपीचा कबुलीजबाब म्हणून, नाही. पुरावा कायद्याच्या कलम ३० ला दोघांचा खटला एकत्र आणि एकाच गुन्ह्यासाठी चालू असावा लागे. मेलेल्या माणसाबरोबर एकत्र खटला चालत नाही. त्याच पुरावा कायद्याच्या कलम १० मध्ये कटातल्या एकाचं बोलणं दुसऱ्याविरुद्ध चाले, पण ते कट चालू असतानाचं आणि त्याच्या उद्देशासंबंधी हवं असे. अटकेनंतर पोलिसाला किंवा मॅजिस्ट्रेटला सांगितलेली हकिगत त्यात बसत नसे. प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने) १९४० मध्ये मिर्झा अकबर खटल्यात हे पक्कं केलं.

पण तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू जास्त जड आहे. सरकारला ते तिघे नसले तरी चाललं, कारण अमीन होता. बचावाला ते हवे असते तर? 'हे पिस्तूल तुला कोणी दिलं' हा प्रश्न कान्हेऱ्यांना साक्षीदार म्हणून विचारायची सोय उरली नाही. उत्तर सावरकरांच्या बाजूने गेलं असतं की विरुद्ध, हे कोणी सांगू शकत नाही. विचारायची सोय मात्र १९ एप्रिललाच संपली.

शाईचा_डाग

आणि त्या दिवशी सावरकर लंडनच्या कोठडीत होते, कलम ५ ची सुनावणी पुरी व्हायची होती. मुंबईची टपाल बोट लंडनला पोहोचायला सुमारे दोन आठवडे लागत, पण तार काही तासांत जाई. अटकेचं वॉरंट तारेच्या जोरावर निघालं. साक्षीदार जिवंत ठेवा अशी एक तार उलट दिशेने पाठवायची, तर तसं सांगणारं एकही कलम त्या १८८१ च्या कायद्यात नाही. मी आज पुन्हा ४१ कलमं वाचून काढली.